खांद्याला बसेल ती

रविवारी सकाळी आठच्या सुमारास मी मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत उभा होतो. पुढं नऊ-दहा जण, प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा, आत ओंडक्यावर सुरा पडल्याचा ओलसर, एका लयीतला आवाज. तेवढ्यात भाचीचा फोन आला. आपल्याकडं रविवारची सकाळ असते तेव्हा अमेरिकेत, विस्कॉन्सिनात, शनिवारची रात्र असते, आणि जेवणं आटोपून ती याच वेळी फोन करते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मामा, एक विचारायचं होतं. पहिली रायफल कुठली घेऊ?" मला वाटलं, दुधाळीच्या नेमबाजी रेंजवरची जुनी हौस परत जागी झाली. "स्पर्धेसाठी?" मी विचारलं. "न्हाई, हरणासाठी. नोव्हेंबरात सीझन उघडतोय. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्यांच्या रानात बसायला बोलावलंय." आणि मी, पुढच्या-मागच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हरीण मारणार तू? आपल्या घरात जन्मून?"

ती काहीच बोलली नाही. फोनमध्ये तिच्या घरातला कसलासा पंखा फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. मग हळू म्हणाली, "बरं मामा, ठेवतो. तुम्ही मटण आणायला गेलाय न्हवं? आवाज येतोय." पंधरा वर्षं तिकडं राहूनही ती कोल्हापूरच्या पोरींसारखी "ठेवतो", "जातो", "आलो" असंच म्हणते, आणि एरवी ते ऐकून माझा जीव सुखावतो. त्या दिवशी मात्र तो "ठेवतो" कानात रुतून बसला. माझा नंबर आला. मांडीचं अर्धा किलो घेतलं, नळी घालायला सांगितली, डबा घेऊन घरी आलो. बायकोनं तांबडा-पांढरा दोन्ही केला होता. मी जेवलो, पण काय जेवलो ते संध्याकाळी आठवेना.

"आपल्या घरात जन्मून" हे मी म्हणालो कसा?

कारण आमचं घर म्हणजे आबांचं घर, आणि आबांच्या घरात माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांना आडवी लावलेली बारा बोअरची दुनळी होती. राधानगरीकडचं आमचं मूळ गाव, भोगावतीच्या अंगाचं. पावसाळ्यात चार-चार महिने भिंतींना ओल यायची आणि काडतुसांची लाल कागदी टरफलं दमट हवेनं फुगून नळीत जायची नाहीत. म्हणून आबा ती पत्र्याच्या डब्यात घालून डबा भाताच्या कणगीत खुपसून ठेवायचे. भात काढताना आजीच्या हाताला डबा लागला की ती दचकायची. उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफलं आम्हा पोरांची. त्यांच्या तोंडावर ओठ टेकवून फुंकलं की घोगरी शिट्टी वाजायची, आणि नाकात जळक्या दारूचा तो वास शिरायचा. फटाक्याच्या वासासारखाच, पण त्याहून कडू आणि बराच वेळ टिकणारा. साठी उलटली तरी तो वास मी डोळे मिटून ओळखीन.

आबा सहा फुटी. बंदूक त्यांच्या खांद्याला अशी बसायची की ती त्यांच्या अंगातूनच उगवली आहे असं वाटावं. अण्णा, म्हणजे माझे वडील, आजीवर गेलेले. अंगानं बारीक, हात आखूड, कोल्हापुरात कोर्टात कारकून. वाचनाचं वेड, चपला सुद्धा आवाज न करता काढून ठेवणारे. आबांना वाटायचं, पोरगा शहरात जाऊन मऊ पडला. मला वाटतं, ती सगळी गोष्ट तिथूनच सुरू झाली. एक माणूस आपल्या मापाचा जिन्नस दुसऱ्याच्या अंगाला बसवायला बघत होता.

१९७० च्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. मी आठ वर्षांचा. भात कापून, मळणी होऊन रान मोकळं झालं होतं. तेव्हा परवाना असला की शिकार चालायची, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ओढ्यावर संध्याकाळी भेकर, म्हणजे लहान जातीचं हरीण, पाण्याला उतरतं हे आबांना ठाऊक होतं. जनावर उठवायचा हाका वगैरे काही नाही, नुसतं बसायचं. अण्णांना एका जांभळीच्या बुंध्याशी बसवलं, दुनळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "आज तू." मी आणि आबा मागच्या करवंदीच्या जाळीआड. थंडी पडायला लागली होती. ओढ्याचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मग ते आलं. विटकरी रंगाचं, बोकडाएवढं, प्रत्येक पाय उंच उचलून जपून ठेवत, जणू जमीन तापलेली आहे. मी श्वास धरला. अण्णांनी बंदूक उचलली. अंगात लोकरीचा जाड कोट, त्यात दस्ता लांब, तो खांद्याच्या खळग्यात बसेचना. घसरून दंडावर आला. आबांनी ते बघितलं हे मला त्यांच्या अंगाच्या ताठण्यावरून कळलं, पण तोंड उघडलं तर भेकर जाईल, म्हणून ते गप्प राहिले. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत होतो. चाप ओढायच्या आधी त्यांनी डोळे मिटले. किंचित नव्हे, गच्च, लहान पोर सुईवाल्या डॉक्टरपुढं मिटतं तसे.

बार झाला. भेकर मागच्या पायांवर बसलं, उठलं आणि जाळीत शिरलं.

मग कंदील, बॅटऱ्या, पानांवरचे रक्ताचे थेंब. गावातली माणसं तासाभरानं परतली. आबा दहाला आले. अण्णा मध्यरात्र उलटून गेल्यावर आले, हात-पाय करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेले. सकाळी ते सापडलं, दोन फर्लांग खाली, ओढ्याच्या पात्रात दगडांच्या बेचक्यात. जिवंत होतं. रात्रभर जिवंत होतं. दुसरा बार आबांनी घातला. दुपारी आजीनं चुलीवर रस्सा केला, आणि आबांनी पहिलं ताट अण्णांपुढं ठेवायला लावलं. "मारलंस तर खायचं," एवढंच म्हणाले. अण्णा खाली मान घालून जेवले. उजवा दंड कोपरापर्यंत काळानिळा झाला होता, त्यावर आईनं आंबेहळदीचा लेप लावला होता, आणि त्या पिवळ्या हातानं ते भाकरी मोडत होते. हे सगळं मला स्वच्छ आठवतं. आणि आणखी एक आठवतं, जे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. रस्सा मला फार आवडला होता.

मी दोनदा वाढून घेतला होता.

अण्णांनी त्यानंतर बंदुकीला हात लावला तो फक्त निवडणुकीच्या वेळी. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकारीचे दिवस संपत आले, आणि मला वाटतं आमच्या घरात त्या कायद्यानं कुणाची सुटका झाली असेल तर ती अण्णांची. आबांचा परवाना पुढं पीक संरक्षणाच्या नावावर राहिला. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागायची. आबा थकल्यावर ते काम अण्णांकडं आलं. जुन्या गोधडीत गुंडाळलेली दुनळी उभी धरून ते निघाले की वाटायचं, आजारी माणसाला दवाखान्यात नेतायत. आबा गेल्यावर त्यांनी परवाना आपल्या नावावर करून घेतला नाही. बंदूक देऊन टाकली. मागं राहिला तो नळी साफ करायचा गज, पितळी टोकाचा, आणि तो अजून माझ्या कपाटामागं उभा आहे.

शिकार म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाच्या मनात एक सोडून दहा चित्रं उभी राहतात, आणि ती एकमेकांशी पटवून घेत नाहीत. भाची सात वर्षांची असताना मी तिला न्यू पॅलेसचं म्युझियम दाखवायला नेलं होतं. पेंढा भरलेले वाघ, अस्वलं, काचेचे डोळे, त्या दालनातला कापराचा आणि जुन्या कातडीचा वास. ती एका वाघापुढं बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, ह्याला कुठं लागलंय ते दिसत नाही." मी तिला बाहेर आवारातली जिवंत हरणं दाखवायला घेऊन गेलो, आणि विषय संपला असं मला वाटलं. मुलं काय विचारतात ते आपल्याला पंचवीस-तीस वर्षांनी कळतं. ती जखम शोधत होती.

कोल्हापूरच्या महाराजांच्या याच दरबारात चित्ते होते. डोळ्यांवर टोपी घातलेले, गाडीवर बसवून माळावर नेलेले. काळविटांचा कळप टप्प्यात आला की चित्तेवान टोपी काढायचा. आपल्या देशातले चित्ते कमी झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. २०२२ साली नामिबियाचे चित्ते कुनोत उतरले तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस तोच विषय होता, आणि बोलणाऱ्यांच्या आवाजात अभिमान होता. माझ्याही होता. पण नीट बघितलं तर त्या शिकारीत माणसाचा नेम नव्हताच. राधानगरीकडच्या दाजीपूरचंही असंच दुहेरी. दरबारचं राखीव शिकारीचं रान, म्हणून दुसऱ्या कुणाची कुऱ्हाड किंवा फासा तिथं चालला नाही. म्हणून ते रान उरलं, १९५८ मध्ये अभयारण्य झालं आणि आज वाढत वाढत साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. गवा बघायला आपण जातो ते रान शिकारीच्या हौसेनं राखलेलं आहे. हे मला आवडतही नाही आणि नाकारताही येत नाही. आणि आता तोच गवा पंचगंगेच्या काठच्या उसात आला की शेतकऱ्याची रात्र कशी जाते, रानडुकरानं अर्धा एकर भुईमूग एका रात्रीत उकरला की तो काय बोलतो, हे शहरात रस्सा खाणाऱ्यानं तिथं जाऊन ऐकावं.

मग दुधाळी. २००६ साली तेजस्विनी सावंतनं मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलचं सुवर्ण आणलं, आणि कोल्हापुरातल्या कितीतरी पोरींना बंदूक ही आपली वस्तू वाटायला लागली. त्यातली एक आमची. तेव्हा ती शाळेत होती, डावरी, पाच फूट एक इंच, आणि वर्गात एका जागी न बसणारी. रेंजवर मात्र झाडासारखी उभी राहायची. दहा मीटरवरच्या त्या कागदाचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. खिळ्याचं टोक टेकवावं तेवढा. ती कडक जाकीट घालून, साडेचार-पाच किलोची रायफल गालाला लावून, अर्धा श्वास सोडून थांबायची. मी मागं बाकावर बसून बघायचो. छर्रा सुटायचा तेव्हा तिची पापणीसुद्धा हलायची नाही. मला तेव्हा प्रत्येक वेळी अण्णांचे गच्च मिटलेले डोळे आठवायचे. अण्णा तेव्हा हयात होते. मी त्यांना दोनदा म्हणालो, चला, नातीला बघायला. ते आले नाहीत. पुढं इंजिनिअरिंग लागलं आणि तिची रायफल सुटली. १ ऑगस्ट २०२४ ला आमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं. फटाके इकडं वाजले आणि तिनं तिकडून फोन केला, रडत होती. बहुधा तेव्हाच तिच्या हातांना काहीतरी आठवलं असणार.

त्या रविवारनंतर मी आठ-दहा रात्री वाचत बसलो. स्वतः मी एनसीसीत पॉइंट टूटू रायफलीनं पाच-पाच गोळ्या झाडण्यापलीकडं काही केलेलं नाही. पण तिनं मला विचारलं होतं, आणि मी उत्तराच्या जागी टोमणा दिला होता, ते फेडायचं होतं. या काडतुसांची नावं म्हणजे वेगळीच मोडी लिपी आहे. .३०-०६ मधला पुढचा आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचात, आणि मागचे दोन आकडे म्हणजे १९०६ साल. पण .३०-३० मधले मागचे तीस म्हणजे साल नव्हे, दारूचं वजन, तीस ग्रेन. ते १८९५ चं, अमेरिकेतल्या कितीतरी आजोबांच्या भिंतीवर तीच रायफल असते. .३०८ हे १९५२ चं, आणि त्याच्याच पितळी टरफलाची मान आवळून १९५५ साली .२४३ काढलं. ६.५ क्रीडमोर अगदी अलीकडचं, २००७ चं, लांबच्या नेमबाजीसाठी निघालं आणि शिकाऱ्यांनी उचललं. यातल्या कशानंही हरीण पडतं. पण नवख्याला सल्ला देणारे बरेच जण म्हणतात, घेतोयस तर मोठीच घे, उद्या एल्कसारखं थोराड हरीण मारायचं झालं तर, परवा अस्वल भेटलं तर. हे वाचताना मला कानात आबांचा आवाज ऐकू यायचा.

कारण गोळी मोठी झाली की दणका वाढतो, आणि दणका फक्त खांद्यावर बसत नाही. तो डोक्यात घर करतो. चार गोळ्या झाडल्या की पाचवीला बोट चापावर गेल्या गेल्या अंग आधीच आकसतं, डोळे मिटतात, नळी खाली झुकते. हे ओळखायची एक जुनी, साधी रीत आहे. दुसऱ्यानं आपल्या नकळत मध्येच एक खोटं काडतूस भरायचं. चाप ओढला, बार झालाच नाही, आणि तरीही नळीनं झोका खाल्ला, तर समजावं की चुकतंय ते काळीज, डोळा नव्हे. .२४३ चा दणका .३०-०६ च्या साधारण निम्मा. एवढी एकच ओळ १९७० साली कुणी आमच्या घरात मोठ्यानं वाचली असती तर!

दुसरी गोष्ट मापाची. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर साध्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असतं, आणि ते मधल्या उंचीच्या पुरुषाच्या हाताला धरून ठरलेलं. बुटक्या माणसासाठी साडेबारा इंचांच्या आसपासचे आखूड दस्ते मिळतात. बघायची रीत अशी: कोपर काटकोनात वाकवायचं, दस्ता कोपराच्या बेचक्यात टेकवायचा, आणि बोटाचं पेर सहज चापावर येतंय का बघायचं. ताणावं लागलं तर ती आपली नव्हे. त्यावर हिवाळ्याचा जाड कोट चढणार, हे धरून बघायचं. विस्कॉन्सिनात नोव्हेंबर म्हणजे बर्फ. आणि आमची पोरगी डावरी, तेव्हा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, डाव्या अंगाला असलेली हवी, नाहीतर दुसरी गोळी भरताना तिला रायफलीवरून हात ओलांडून न्यावा लागणार. एखाद्याला दुसरी गोळी झटकन भरता येणं हे मला आता फार महत्त्वाचं वाटतं. त्या भेकराला रात्रभर थांबावं लागलं होतं.

दहाव्या दिवशी मी फोन केला. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण तिनंच आधी विचारलं, "मामा, रागावलाय?" मी म्हणालो, "न्हाई बाळ. मी बरोबर बोललो नाही त्या दिवशी." मग ती सांगायला लागली. शेजारचा म्हातारा ऐंशीचा आहे, त्याच्या सोयाबीनमध्ये हरणांचे कळप उतरतात. ती दर वर्षी त्याच्या फ्रीजरमधलं मांस घरी आणते, शिजवते, आपला मसाला घालून. "मी लहानपणापासून मटण खातो मामा. एकदाही माझ्यासमोर काही मेलेलं नाही. मी खातो ते माझ्या हातानं मरताना मला काय होतं, ते मला एकदा बघायचंय. नाही सोसलं तर मटणही सोडीन." तिच्या आवाजात वाद नव्हता. मला ते अजूनही पुरतं पटलेलं नाही. हरणाचं नाव काढलं की माझ्या पोटात कालवतं, आणि बोकडाचं नाव काढलं की भूक लागते, आणि या दोन्हींच्या मध्ये उभं राहून तिला बोल लावायला मला जागा सापडत नव्हती.

तिकडची रीत तिनं सांगितली. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊच दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी उघडतो. अंगावर भडक नारिंगी कपडे घालायचे, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. आता गुलाबीही चालतो. मी म्हणालो, जोतिबाचा गुलाल लागल्यासारखी दिसशील. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं. तिनं ते उन्हाळ्यातच पुरं केलं होतं. माझ्या मनात आलं, मी बासष्टचा, मला तिकडं कुणी शिकवणीला बसवलं नसतं. इकडं बहात्तरला दार बंद व्हायला लागलं, आणि तिकडं त्र्याहत्तरनंतरच्यांना दाराशी थांबवून आधी शिकवायला लागले.

मग मी वाचलेलं सगळं तिला सांगितलं. .२४३ घे, आखूड दस्ता, डावा बोल्ट. दुर्बीण तीन ते नऊ पटीची पुरे, पण काच चांगली घे, पहाटेच्या झुंजुमुंजू उजेडात स्वस्त काच आंधळी होते. सगळे पैसे रायफलीवर घालवू नकोस, गोळ्यांना ठेव. हंगामाआधी शे-दीडशे तरी झाडल्याशिवाय रानात जाऊ नकोस. शंभर यार्डांवर नेम बसवून घे. आणि बाकाला टेकवून नव्हे, जशी रानात बसणार तशी बसून, आठ इंची कागदी ताटलीवर मार. हरणाच्या पुढच्या पायामागं काळीज आणि फुप्फुसं असतात ती जागा साधारण तेवढीच. ज्या अंतरावरून सगळ्या गोळ्या ताटलीत जातात ते तुझं अंतर. त्याच्या पुढचं हरीण तुझं नव्हे, मग ते कितीही मोठ्या शिंगांचं असू दे. ती ऐकत होती, मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. दुधाळीवर एअर रायफलीला दणका नसतो, तो इथं असणार, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. डोळे मिटण्याची तिलाही भीती होती.

"तुम्हाला एवढं कसं ठाऊक?" तिनं विचारलं. तेव्हा मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी पूर्ण सांगितली, दोनदा वाढून घेतलेल्या रश्श्यासकट. तिला तिचे आजोबा ठाऊक होते ते पुस्तक वाचणारे, मुंगीला वाट सोडणारे. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रडतेय. मग तिनं विचारलं, "किती लांब होतं ते?"

मला सांगता येईना. पन्नास वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आठ वर्षांच्या पोराला ते अंतर फार मोठं वाटलं होतं, एवढंच आठवत होतं. अण्णांनी फार लांबून बार टाकला, म्हणून चुकला, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

गेल्या मंगळवारी मी गावाला गेलो. वाडा पडलाय, पण ओढा आहे. वरच्या अंगाला कुणीतरी मोटर बसवली आहे, काळा पाइप पाण्यात सोडलेला. जांभळ आहे. बुंधा आता माझ्या कवेत मावत नाही. करवंदीची जाळी सरकून खाली गेली आहे की माझीच आठवण सरकली आहे, कोण जाणे. पण जिथं ते पाण्याला उतरलं तो कातळ तिथंच आहे, मधोमध खोलगट, आजी त्यावर धुणं आपटायची. ऊन कलत होतं. मी जांभळीला पाठ लावून बसलो, उठलो, आणि कातळापर्यंत पावलं मोजत गेलो. मग विश्वास बसेना म्हणून परत येताना मोजली. मग लक्षात आलं की मी आबांच्या अंगाचा आहे, माझी टांग लांब. तेव्हा अण्णा चालायचे तशी, कोर्टातून घरी येताना छत्री काखेत धरून टाकायचे तशी जवळजवळ पावलं टाकत तिसऱ्यांदा गेलो. गुरं घेऊन चाललेला एक पोरगा थांबून बघत होता.

एसटीत बसल्यावर तिला लिहिलं: माझी चौतीस. आजोबांची एकेचाळीस धर.